घोड्याचे पाय आणि अण्णांचा हात

(आपल्या मंचाच्या पालो आल्टो येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. पडद्यावर दाखवलेली चित्रे ई-मेलमध्ये देता येत नाहीत, म्हणून काही वाक्ये वाचकांसाठी थोडी बदलली आहेत.)



कार्यवाहांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "चालणं" एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं मी व्यायाम, वजन आणि मधुमेहावर बोलणार, आणि निमंत्रणातही तसंच छापून आलं. त्या आशेनं आलेल्यांची आधीच क्षमा मागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक कसे चालतात हे निरखून पाहण्याचे मला एकवीस वर्षं पैसे मिळतायत. या पाहण्याचा इतिहास आपण बसलोय त्याच्या अगदी जवळ सुरू होतो, म्हणून हा विषय घेतला.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एक जुना लाल लाकडी तबेला आहे. आपली मुलं त्या विद्यापीठात जावीत म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो (हो, या मंचावरचे नास्तिकसुद्धा), पण तबेला बघायला कोणी जात नाही. विद्यापीठ व्हायच्या आधी इथे लेलंड स्टॅनफर्डचे रेसचे घोडे असत. हा माणूस कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर आणि रेल्वे कंपनीचा अध्यक्ष. त्याची रेल्वे हजारो चिनी मजुरांनी बांधली, आणि 1862 मध्ये गव्हर्नर होताना यानंच आशियाई लोकांच्या येण्याविरुद्ध भाषण केलं होतं. आपण आशियाई लोक इथे बसून त्याच्या घोड्यांबद्दल बोलतोय, हे त्याला फारसं रुचलं नसतं.

धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, यावर स्टॅनफर्डनं पंचवीस हजार डॉलर्सची पैज लावली होती, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या पैजेचा कुठलाही पुरावा नाही. प्रश्न मात्र खरा होता. डोळ्याला ते दिसत नाही, कारण पाय फार वेगानं हलतात. चित्रकार शतकानुशतकं धावणारा घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला काढत आले. लूव्हरमध्ये जेरिकोचं 1821 चं एप्समच्या डर्बीचं चित्र आहे, त्यातले सगळे घोडे असेच मांजरासारखे पसरलेत.

एडवर्ड मायब्रिज या इंग्रज छायाचित्रकारानं जून 1878 मध्ये इथल्या ट्रॅकलगत ओळीनं बारा कॅमेरे मांडले. ट्रॅकवर आडवे धागे ताणले. धागा तुटला की शटर पडणार, आणि धागा तोडणार घोडी स्वतः. सॅली गार्डनर ही घोडी चौखूर दौडत गेली आणि बारा चित्रं उमटली. चारही पाय हवेत असतात, हे सिद्ध झालं. पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना! म्हणजे प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, आणि तरीही सगळे चित्रकार चूक ठरले. मला या प्रयोगातलं हेच सगळ्यात आवडतं.

मायब्रिज काही संत नव्हता. 1874 मध्ये त्यानं बायकोच्या प्रियकराला गोळी घालून मारलं होतं, आणि नापाच्या ज्यूरीनं 1875 मध्ये ते कृत्य समर्थनीय ठरवून त्याला सोडलं. ज्यूरीत अर्थातच सगळे पुरुष होते. पुढे स्टॅनफर्डनं 1882 मध्ये या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर मायब्रिजचं नावच नव्हतं. त्यानं दावा लावला आणि तो हरला. काम कोणाचं आणि नाव कोणाचं हा प्रश्न सिलिकॉन व्हॅलीत चिप यायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, हे इथल्या इंजिनिअर मंडळींना सांगायला नको.

आता दौड सोडून साधं चालणं घेऊ. घोडा चालताना पाय कोणत्या क्रमानं टाकतो? डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. बैल, कुत्रा, मांजर, जवळजवळ सगळे चतुष्पाद याच क्रमानं चालतात. घरी गेल्यावर रांगून बघा, कोणी पाहत नसताना. 2012 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी चालत्या प्राण्यांची हजाराच्या आसपास चित्रं आणि शिल्पं तपासली. मायब्रिजच्या आधीच्या कलावंतांची 83.5 टक्के चित्रं चुकीची निघाली. मायब्रिजनंतर हे प्रमाण 57.9 टक्क्यांवर आलं. आणि गुहेत राहणाऱ्या माणसांचं? 46.2 टक्के. डोळे मिटून पाय कसेही काढले तरी 73.3 टक्के चुका व्हायला हव्यात, म्हणजे मधल्या काळातले नामवंत त्याहूनही वाईट. ज्याचं पोट जनावराच्या पायांवर नजर ठेवण्यावर अवलंबून होतं, त्याला ते दिसलं.

याच ओघात एक भाकड गोष्ट निकालात काढते. अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे दोन पाय वर असले तर स्वार लढाईत पडला, एक वर असला तर जखमांनी वारला, चारही जमिनीवर असले तर नैसर्गिक मृत्यू, असा निरोप दर सहा महिन्यांनी फिरत फिरत आपल्याकडे येतो. असा कुठलाही नियम शिल्पकार पाळत नाहीत. शिवाजी महाराज 1680 मध्ये रायगडावर आजारानं गेले, आणि आपल्या गावोगावच्या चौकात त्यांच्या घोड्याचा पाय उचललेला आहे. पुढचा निरोप आला की एवढंच उत्तर पाठवा.

मायब्रिजची चित्रं फ्रान्समध्ये एका शरीरशास्त्रज्ञानं पाहिली. एतिएन-ज्यूल मारे. दोघंही 1830 साली जन्मले आणि 1904 साली वारले. ज्योतिषानं यातून काय काढायचं ते काढावं. मारेला सुंदर चित्रं नको होती, त्याला मोजमाप हवं होतं. त्यानं माणसाला पायापासून डोक्यापर्यंत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर चालवलं. एकाच काचेवर ओळीनं छायाचित्रं घेतली. माणूस नाहीसा झाला, उरल्या फक्त पट्ट्या, पंख्यासारख्या उघडणाऱ्या. आज आमच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या सांध्यांवर चमकणारे गोळे चिकटवतात, ते याच कल्पनेचे वंशज. 2003 मध्ये थायलंडमध्ये संशोधकांनी हत्तींच्या सांध्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांना पळवलं, तेही तेच. हत्ती ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास जातो, आणि तरी त्याचे चारही पाय कधीच एकदम हवेत नसतात. मग ते धावणं की चालणं, यावर अजून वाद घालता येतो.

पण पाहणं नेहमी इतकं निरागस नसतं. 1895 मध्ये पॅरिसला पश्चिम आफ्रिकेतली माणसं आणून प्रदर्शनात मांडली होती. प्रदर्शनात वस्तू मांडतात तशी माणसं. मारेच्या परिवारातला डॉक्टर फेलिक्स रेन्यो यानं त्यांचं चालणं, धावणं, उकिडवं बसणं चित्रित केलं. त्याच्या लेखी ही मानवाची "आदिम" चाल होती. गंमत अशी की गुडघे वाकवून चालण्याची ती पद्धत कमी थकवते, असं वाटून फ्रेंच सैनिकांना तशी चाल शिकवावी, असाही प्रचार त्यानंच केला! चाल घ्यायची, माणूस खालचा ठरवायचा. मायब्रिजच्या 1887 च्या संग्रहात 781 पानं आहेत. त्यात पुरुष कुस्ती खेळतात, विटा रचतात, आणि बायका बादल्या उचलतात, झाडतात, चहाचा कप पुढे करतात. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. पण कॅमेऱ्यासमोर कोणी काय करायचं हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं.

ओझ्याचीच गोष्ट घ्या. 1986 मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयु बायकांवर मोजमापं झाली. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर किंवा कपाळपट्ट्यानं वाहताना त्यांना जादा ऊर्जा लागतच नव्हती. कारण 1995 मध्ये सापडलं. चालताना आपलं शरीर पायावर उलट्या लंबकासारखं झुलतं, आणि प्रत्येक पावलाला थोडी शक्ती वाया जाते. या बायका ओझं असताना ते झुलणं अधिक सफाईनं करत होत्या. वाचलं तेव्हा मला चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन चढण चढणाऱ्या आमच्याकडच्या बायका आठवल्या. "ठुमकत चालली" म्हणून त्यांच्यावर गाणी रचणारे पुष्कळ. मात्र मोजमाप सांगतं म्हणून ओझं हलकं होत नाही. वीस टक्क्यांच्या पुढे ऊर्जा लागतेच, आणि भरलेला हंडा वीस टक्क्यांवर थांबत नाही. मानेच्या मणक्यांचा हिशेब तर वेगळाच.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय तिकडे येते. 1973 मध्ये गुनार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून चित्रीकरण केलं. चित्र थांबवलं की नुसते विखुरलेले ठिपके. सुरू केलं की लगेच माणूस! 1977 मध्ये असंही दिसलं की नुसत्या ठिपक्यांवरून लोक आपले मित्र ओळखू शकतात. (2018 पर्यंत चीनमध्ये पोलीस रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून चालीवरून माणूस ओळखू लागले होते. तो विषय स्वतंत्र बैठकीचा आहे.)

डिसेंबर 2016 मध्ये कराडला माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. मला जाता आलं नाही. भावानं व्हिडिओ पाठवला. मांडवातून अण्णा, म्हणजे माझे वडील, कोणाला तरी घेऊन येताना दिसतात. जेमतेम सहा सेकंद. डावा हात पुढेमागे हलतोय. उजवा नाही. अंगाला चिकटल्यासारखा, कोपरात किंचित वाकलेला. मी ते सहा सेकंद किती वेळा पाहिले असतील, सांगत नाही. एका बाजूचा हात न हलणं ही पार्किन्सन्सची सुरुवातीची खूण असू शकते, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत होते.

आणि मी गप्प बसले. खांदा धरला असेल, नव्या कोटाची बाही घट्ट असेल, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. फोनवर विचारायचे, "अण्णा, खांदा दुखतो का?" ते म्हणायचे, "नाही गं, तू तुझं बघ." तिथल्या डॉक्टरांनी वयोमान म्हणून सांगितलं, ते मला हवंच होतं. सात महिने असे गेले. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही असं या मंचावर बोलणारी मी, पुरावा समोर असताना डोळे मिटून बसले होते. शेवटी जुलै 2017 मध्ये गेले, न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, निदान झालं. सात महिने आधी गेले असते तर रोग थांबला असता असं नाही. तो थांबवणारं औषध अजून नाही. पण गोळ्या आणि व्यायाम आधी सुरू झाले असते, आणि मधल्या काळात ते एकदा न्हाणीघरात पडले, ते कदाचित टळलं असतं.

आता त्यांची पावलं आखूड झालीत. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. यावर एक साधा उपाय 1960 च्या दशकापासून माहीत आहे: जमिनीवर आडव्या रेघा मारायच्या. सपाट फरशीवर अडखळणारा माणूस रेघ दिसली की ती ओलांडून पुढे जातो. म्हणून मी मागच्या खेपेला माजघरापासून मोरीपर्यंत पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या, अण्णांच्या एका पावलाएवढ्या अंतरानं. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "घराचं रेल्वे स्टेशन केलंस." फरशी पुसताना पट्ट्या निघतात, त्यावरून तिची रोज कुरकुर असते. भाची दर रविवारी ते चालतानाचा व्हिडिओ पाठवते. मी तिला सांगून ठेवलंय, चेहरा नाही दिसला तरी चालेल, पण पाय आणि दोन्ही हात चौकटीत आले पाहिजेत. मागच्या रविवारी अण्णा मोरीच्या दारात थांबले, खाली पाहिलं आणि भाचीला म्हणाले, "ही एक पट्टी निघालीय बघ, आत्याला सांगू नकोस."