सांगणारा कोठे उभा आहे?



हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे दर्शनास गेलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. शिवालयात नंदी गाभाऱ्यासमोर असावयाचा, तो येथे देवळाच्या पाठीमागे आहे. आणि त्याचे कारण विचारले असता गावातले जाणते लोक सांगतात की, नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनास उभे राहिले, तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना मागे घालविले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, नंदी मात्र होता तेथेच राहिला. ही कथा आपणांपैकी पुष्कळांनी बालपणीच ऐकलेली असेल. हे असे घडले की नाही, या वादात मी आज शिरत नाही. परंतु कोणताही मजकूर हाती आला असता तो कोण सांगतो आहे, कोठून पाहून सांगतो आहे, कोणाला उद्देशून आणि कशासाठी सांगतो आहे, हे विचारण्याची सवय ज्याला लावून घ्यावयाची आहे, त्याला या एका कथेइतके उत्तम साधन आपल्या मुलखात दुसरे क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे.

या प्रसंगाचे सर्वांत निकटचे निवेदन मराठी गाथ्यापेक्षा, आश्चर्य वाटेल, शिखांच्या आदिग्रंथात शोधावे लागते. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांच्या नावावरील ६१ पदे समाविष्ट झाली. त्यांपैकी दोन पदांत देऊळ फिरल्याची हकीकत सांगितली आहे. यातील भैरव रागातल्या पदाचा निवेदक ‘मी’ म्हणून बोलतो. आपण हसतखेळत देवाच्या दारी आलो, भक्तीत रंगलो असता धरून उठविले गेलो, तेव्हा कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसलो, असे तो सांगतो. ते कांबळे पाहा! चमत्काराच्या सिद्धीसाठी त्या कांबळ्याची काडीइतकीही गरज नाही. ते कथेत आले, कारण अपमान झालेल्या माणसाने तेथून निघताना हातात काय घेतले, हे त्याच्याच ध्यानात राहते. शिंप्याच्या कुळात आपल्याला जन्माला का घातले, हा प्रश्न तो देवालाच घालतो; आणि मल्हार रागातल्या पदात तर, मेल्यानंतर मुक्ती दिलीस तर ती कोणाच्या दृष्टीस पडणार, असा रोखठोक युक्तिवाद विठ्ठलापुढे मांडतो. देऊळ फिरल्याची हकीकत दोन्ही पदांत शेवटी, एखाद्या ओळीत आटोपते. बाकीची सारी जागा अपमानाने आणि गाऱ्हाण्याने व्यापलेली आहे. कशाला किती जागा दिली, हे पाहिले म्हणजे लेखकाचा हेतू त्याने स्वमुखाने सांगण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता नामदेवांनंतरची चार शतके ओलांडून महीपतीबोवा ताहराबादकर यांच्याकडे या. शके १६८४ मध्ये, म्हणजे इसवी सन १७६२ साली, त्यांनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींच्या आधारावर आपण लिहीत आहो, हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. हा निवेदक घटनेत नाही, तो घटनेच्या वर आहे. भक्ताच्या मनातले त्याला दिसते, विरोधकाच्या मनातले दिसते आणि देवाच्या अंतःकरणातलेही दिसते. त्याच्यासमोर मंदिरात किंवा वाड्यात पोथी ऐकावयास बसलेला भाविक समुदाय आहे, आणि देव भक्ताचा कैवार घेतो ही त्या समुदायाची श्रद्धा दृढ करणे हे त्याने अंगीकारलेले कार्य आहे. म्हणून त्याच्या ओव्यांतून देवाची कृपा उजळून निघते आणि कांबळे घेऊन निघालेला माणूस काहीसा दूर जातो. यात महीपतींचा दोष मी मानीत नाही. ज्या हेतूने ग्रंथ लिहिला तो त्यांनी उत्तम प्रकारे सिद्धीस नेला. औंढ्याच्या ग्रामस्थाचे निवेदन याहून निराळे, कारण त्याला आपल्या डोळ्यांसमोरच्या दगडी नंदीचा उलगडा करावयाचा असतो.

वतनाच्या तंट्यात दोन्ही पक्षांच्या कैफियती वाचणारा मुनसफ जसा कैफियत कोणाची, तिच्या योगाने कोणता हक्क शाबीत करावयाचा आहे, हे प्रथम पाहत असे आणि तरीही ती खोटी ठरवून फेकून देत नसे, तसे वाचकाचे वर्तन असावे.

परंतु सांगणारा कोण, हे ठरविण्यात एक अवघड वळण आहे. अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा आली की बोलणारा नामदेवच, असे आपण गृहीत धरतो. परंतु एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा या नावाचा दुसरा समर्थ कवी होऊन गेला आणि त्याच्या कित्येक रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळून गेल्या, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे मुद्रेतला नामा आणि लेखणी धरणारा नामा हे नेहमी एकच असतील, अशी हमी नाही. ज्ञानदेवांचे चरित्र सांगणारी आदि, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणे या दृष्टीने सावकाश वाचावीत. तीर्थावळीत नामा स्वतः प्रवासातला एक सहचर असतो, आणि तरीही पुष्कळदा तो आपल्याच नावाने, परक्याविषयी बोलावे तसा, बोलतो. समाधीच्या प्रकरणात १२९६ सालचा आळंदीचा सोहळा सांगताना त्याची नजर निवृत्तिनाथांच्या शोकावर वारंवार खिळते. थोरल्या भावाने धाकट्याला निरोप द्यावयाचा, हे त्या सांगणाऱ्याला सोसत नाही. आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने समाधी हा आनंदाचा क्षण असूनही ते अभंग अश्रूंनी भिजलेले राहतात. आमच्या शाळांतून ‘लेखकाचा हेतू स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारतात आणि मुले मार्गदर्शकातले तयार उत्तर घोकून लिहितात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याऐवजी शिक्षकाने हेच अभंग समोर ठेवून, येथे नामा कोठे उभा आहे, एवढेच विचारले, तर दहाव्या वर्षाचे मूलही नेमके बोट ठेवील.

शेवटी माझ्या स्वतःच्या जागेविषयी. नामदेवांचे जन्मस्थान कयाधूकाठची नरसी, हे आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे, आणि मी ते अभिमानाने सांगतो. परंतु काही अभ्यासक पंढरपुरास जन्मस्थान मानतात, आणि अभंगात येणारी नरसी बामणी कऱ्हाडच्या परिसरात शोधणारेही आहेत. माझा कौल नरसीच्या बाजूने आहे. पण मी हिंगोलीचा आहे, हे ध्यानात घेऊनच आपण माझ्या कौलाचे वजन करावे.