विधानसभेचं एकमत आणि बारमधल्या बायका



‘लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा कायदा दोन-तीन न्यायाधीशांनी रद्द करायचा, ही कसली लोकशाही?’ हा प्रश्न आपल्या बैठकांत बऱ्याचदा निघतो. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मी डान्सबार बंदीचं उदाहरण घेते.

जुलै २००५मध्ये विधानसभेनं मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बीअर बार आणि परमिट रूममधला नाच बंद केला. तीन तारांकित व त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना मात्र मोकळीक! आणि हे सगळं एकमतानं. (सगळे पक्ष एक झाले की मला आधी धास्तीच वाटते.) ज्यांच्या पोटावर पाय येणार होता, त्या बायकांना तिथे तोंड उघडायला जागा नव्हती.

कोर्टात ती मिळाली. बारमालकांबरोबर बारबालांची युनियन आणि स्त्रीसंघटनाही तिथे गेल्या. या बायकांशी बोलून एसएनडीटीच्या संशोधन केंद्रानं केलेला अभ्यास पुढे आला. सरकारला कारणं द्यावी लागली. गरिबांच्या बारमधला नाच अश्लील, मग तोच श्रीमंतांच्या हॉटेलात कसा चालतो? याचं पटेल असं उत्तर मिळालं नाही. एप्रिल २००६मध्ये हायकोर्टानं समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या हक्कांच्या आधारे बंदी रद्द केली. माझ्या मते, सभागृहात राहून गेलेली चर्चाच इथे झाली.

पण कोर्टावर हवाला ठेवून बसता येत नाही. निकालाला स्थगिती मिळाली आणि सुप्रीम कोर्टानं तो कायम करेपर्यंत जुलै २०१३ उजाडला. तोवर या बायकांनी खायचं काय? पुढे २०१४मध्ये विधानसभेनं भेदभाव काढला तो कसा, तर मोठ्या हॉटेलांतही बंदी घालून! २०१६मध्ये नवा कायदा आला. त्याच्या बऱ्याच जाचक अटी जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं काढून टाकल्या.

आपल्यातल्याही काही संघटना बंदीच्या बाजूनं होत्या. त्या धंद्यात शोषण आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शोषण थांबवायचं की काम, हे त्या बायकांना विचारून ठरायला हवं होतं.

कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं धोरण केंद्रानं २०१४मध्ये ठरवलं. ते बंधनकारक नाही. आपण राज्यात मागायचं ते असं: मसुदा मराठीत आधी छापा, आणि ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांची सुनावणी विधिमंडळाच्या समितीपुढे घ्या.