१७.५० मीटर म्हणजे कुणाचा उंबरठा?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यायची रीत आहे. आज मी त्या रीतीला फाटा देऊन पुराबद्दल बोलणार आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही तीन शहरं उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठाने वाढली. गेल्या वीस वर्षांत या नद्या पुन्हा पुन्हा आपल्या घरांत शिरल्या. त्यातलं फार थोडं आपण लिहून ठेवलं, आणि मला वाटतं, ते काम इथे बसलेल्यांचंच आहे.

२६ जुलै २००५ पासून सुरुवात करतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तिथून विसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात अवघा ७३. राज्यभरात हजारावर माणसं गेली. मुंबईच्या पुराची कारणं शोधायला माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २००६ मध्ये तिचा अहवाल आला, आणि तोवर फारशी कुणाला ठाऊक नसलेली मिठी नदी घराघरांत पोचली. ते योग्यच झालं. पण त्याच रात्री उल्हासचं पाणी बदलापुरात हेंद्रेपाड्यात, रमेशवाडीत, बॅरेज रोडच्या वस्त्यांत भरलं होतं. त्याबद्दल आज विचारलं तर लोक सांगतात, “पाणी पार वरपर्यंत आलं होतं.” वरपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? किती वाजता आलं, किती वाजता उतरलं? सांगणाऱ्याला आठवतं, पण दर वर्षी थोडं वेगळं आठवतं. आणि ज्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, ती भिंत दिवाळीला केव्हाच रंगवली गेली.

पूर ओसरल्यानंतरचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गाळ एकसारखा बसत नाही. तो कपाटाच्या खणात बसतो, शिलाई मशीनच्या चाकात बसतो, फ्रिजच्या मागच्या जाळीत बसतो. तांदळाची गोणी फुगून शिवणीवर उसवते आणि दोन दिवसांत तिला आंबूस वास सुटतो. गादी दोघांना उचलत नाही. बाई सगळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी शोधते, कारण तिच्यात रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि घराची कागदपत्रं असतात. मग ते दाखले एकेक करून पंख्याखाली वाळत घातले जातात, त्यांवरची शाई निळी होऊन पसरलेली असते. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात या पिशवीला रकाना नसतो.

आता नदीकडे येऊ. उल्हास राजमाचीच्या परिसरात, बोरघाटाच्या कुशीत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी करत ती बदलापूरला येते, तिथून जांभूळ, मोहने करत कल्याणच्या खाडीला आणि शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. जेमतेम सव्वाशे किलोमीटरची नदी. घाटमाथ्यावर आणि माथेरानच्या डोंगरावर कोसळलेलं पाणी काही तासांत आपल्या दारात हजर होतं. म्हणजे आपल्या आधी पूर कर्जतने पाहिलेला असतो, मग नेरळने, मग वांगणीने. या गावांतल्या कुणी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली असती, तर वरच्या पुलाला पाणी लागल्यावर खाली किती वेळ हाताशी उरतो, हे आज आपल्या प्रत्येक पोराला पाठ असतं.

बदलापूरच्या पुलावर पाटबंधारे खात्याच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. १६.५० मीटरला इशारा, १७.५० मीटरला धोका. पावसाळ्यात हे आकडे मोबाइलवर फिरतात, वर्तमानपत्रात छापून येतात. मला या आकड्यांबद्दल आदर आहे, त्यांच्यामागे रात्री-अपरात्री पुलावर उभं राहून मोजणारी माणसं आहेत. पण हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्यावरच्या आजींना १७.५० मीटरचा अर्थ काय लावायचा? त्यांना कळायला हवं की नदी १७.५०ला गेली की पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं, आणखी एवढं चढलं की उंबरठ्याला लागतं, आणखी एवढं चढलं की मीटरच्या पेटीला. हा आकडा उंबरठ्यापर्यंत आणून पोचवणारं गल्लीवार टिपण आपल्याकडे हवं. ते अभियंत्याला एकट्याला जमणारं नाही, कारण गल्ली त्याची नाही. ते गल्लीतल्या माणसाने करायचं आहे आणि त्याला लिहिता आलं पाहिजे.

टिपण नसलं की त्या जागी अफवा येते. दर मोठ्या पावसात बदलापुरात कुजबुज सुरू होते, बारवी धरणाचं पाणी सोडलं! लोक सामान टाकून पळतात, नाहीतर उलट, “बारवी अजून भरलं नाही, काही होत नाही,” म्हणून निवांत बसतात. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खाली, जांभूळ-आपटीच्या बाजूला. बदलापूर गावात शिरणारं पाणी वरून, कर्जतकडून येतं. शाळेच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतकी ही साधी गोष्ट आहे, तरी ती सांगणारं एक पानही आपण मराठीत घरोघर पोचवलेलं नाही.

२०१९ सालची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा २६ जुलैच. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ पाण्यात अडकली. रूळ दिसेनासे झाले. सकाळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हेलिकॉप्टर, रबरी बोटी, सगळे धावले. गावकऱ्यांनी हात दिला. हजारावर प्रवासी, त्यांत गरोदर बायका, लहान मुलं, २७ जुलैच्या दुपारपर्यंत सुखरूप बाहेर आले आणि कल्याणहून विशेष गाडीने कोल्हापूरकडे रवाना झाले. एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही, याचा अभिमान वाटावा असंच ते काम होतं. पण त्या गाडीच्या दोन्ही अंगांना गावं होती. तिथल्या गोठ्यांत पाणी किती वाजता शिरलं, दावी कुणी सोडली, रात्रभर माळ्यावर कोण बसून राहिलं? गाडीची गोष्ट देशाने लिहिली. गावांची आपण लिहायची होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, चिपळूण आणि महाड बुडत होते त्याच दिवशी उल्हास पुन्हा बदलापुरात शिरली, आणि आपण पुन्हा नुसते फोटो काढले.

या विषयाच्या नादाने मी एका दूरच्या देशाचा इतिहास वाचत गेलो. अमेरिकेत दर वर्षी टोर्नेडो होतात, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत उतरणारी चक्री वावटळ. १८ मार्च १९२५ रोजी तीन राज्यांतून गेलेल्या एकाच वावटळीने ६९५ माणसं मारली आणि कुणालाही आगाऊ सूचना नव्हती. त्याच्या चाळीस वर्षं आधी जॉन फिन्ली नावाच्या लष्करी सिग्नल खात्यातल्या माणसाने गावोगावच्या पोस्टमास्तरांना, शेतकऱ्यांना, शिक्षकांना हाताशी धरलं होतं. वावटळ किती वाजता आली, कुठल्या दिशेने, किती रुंद, ढग कसा होता, असे प्रश्न तो पाठवायचा. पुढे त्याच्या वार्ताहरांची संख्या दोन हजारांवर गेली. लोक घाबरतील या भीतीने वरिष्ठांनी अंदाज देणं थांबवलं, आणि ते दशकानुदशकं थांबलेलंच राहिलं. १९२५ची माणसं त्या मौनाच्या काळातली. २५ मार्च १९४८ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर दोन अधिकाऱ्यांनी धाडस करून अंदाज दिला, तो खरा ठरला, तेव्हा कुठे दार उघडलं. मला यातली पोस्टमास्तरची नोंद फार मोलाची वाटते. त्याला हवामानशास्त्र येत नव्हतं. त्याने जे पाहिलं ते वेळेसकट लिहिलं, एवढंच.

उलट उदाहरण आपल्या शेजारचं आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर-साटुरियावरून वावटळ गेली. सुमारे १३०० माणसं मेली असं मानतात. जगातली ही सर्वांत जीवघेणी वावटळ, आणि तिच्याबद्दल जगाला ठाऊक असलेलं चार-पाच परिच्छेदांत संपतं.

आपल्या खोऱ्यात अशी वावटळ होत नाही, पण वाऱ्यापासून आपण सुटलेलो नाही. १३ मे २०२४ची दुपार आठवा. धुळीचं वादळ बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यात उठलं आणि मुंबईतही शिरलं. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जण गेले. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि समोरची धूळ उचलत धावते. या कोसळत्या वाऱ्याचा छडा लावणारा तेत्सुया फुजिता तरुणपणी १९४५मध्ये नागासाकी आणि हिरोशिमाचा विध्वंस पाहायला गेला होता. झाडं कुठल्या दिशेला पडली आहेत, यावरून काय घडलं ते वाचायची नजर त्याने तिथे कमावली. पुढे शिकागोत त्याने १९७१मध्ये वावटळींची तीव्रता ठरवणारी मोजपट्टी दिली, तीही पडलेल्या घरांवरून. आपल्याकडे वादळात पडलेलं झाड संध्याकाळपर्यंत करवतीने कापून उचललं जातं. ते कुठल्या दिशेला पडलं होतं, हे त्या गल्लीतल्या एकाने लिहून ठेवायला काय हरकत आहे?

उल्हासनगरच्या मित्रांना एक वेगळी विनंती आहे. १९४९मध्ये तुमच्या शहराला नाव मिळालं, त्याआधी तिथे लष्करी छावणीच्या बराकी होत्या आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं होती. वालधुनीच्या पाण्याची त्या काळापासूनची आठवण सिंधीत आहे, मराठीत नाही. ती सांगणारी पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. शेजारच्या दादीकडे जाऊन बसा, ती सिंधीत बोलेल, नातू हिंदीत सांगेल, तुम्ही मराठीत लिहा. अंबरनाथकरांकडे तर १०६० सालचं शिवमंदिरच आहे, वालधुनीच्या काठावर. त्याच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. पुराच्या वर्षी पाणी मंदिराच्या आवारात येतं. कुठल्या साली ते कितव्या पायरीपर्यंत होतं, हे तिथल्या पुजाऱ्यांना आणि फुलवाल्यांना विचारून ठेवा. दगडाची पायरी रंगवली जात नाही, ती मोजमापासाठी उत्तम.

साहित्य संमेलनात हे कशाला, असं काहींना वाटेल. पावसावर आपण भरपूर कविता लिहिल्या आणि त्या मला प्रिय आहेत. पण बॅरेज रोडवरची मुलगी उद्या लिहायला बसेल तेव्हा तिच्या हाताशी तिच्या आजीच्या घरातल्या पाण्याची खरी तारीख, खरी उंची आणि खरा तास हवा. त्याशिवाय तिची कादंबरी ऐकीव पुरावर उभी राहील.

म्हणून या संमेलनापुढे मी एक ठोस प्रस्ताव ठेवतो. तिन्ही शहरांतल्या ग्रंथालयांत एकेक जाड वही ठेवावी. तारीख, वेळ, गल्ली, पाणी कशाला लागलं, त्या वेळी पुलावरची पातळी किती होती, सांगणाऱ्याचं वय, लिहिणाऱ्याची सही. एवढेच रकाने. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांनी भिंतीवर रंगाने रेघ मारून साल लिहावं आणि पुढच्या रंगकामात ती रेघ राखावी. शाळांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून आपापल्या वस्तीचा पुराचा नकाशा करून घ्यावा. वहीतली पहिली नोंद २६ जुलै २००५ची असू दे. त्या रात्री जे चाळिशीत होते ते आज साठीच्या पुढे आहेत. जूनच्या आत त्यांच्याकडे जाऊन या.