मुळेचं गाणं कुणी गायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी मुळशी तालुक्यात राहणारा, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पन्नाशी ओलांडलेल्या, त्यातून मुसलमान कवीनं गझलेवर नाहीतर कव्वालीवर बोलावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी आज रॉकवर बोलणार आहे. संगीताचं शास्त्र मला येत नाही. ही एका ऐकणाऱ्याची मतं आहेत, तशीच ती घ्या.

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. तोवर रॉक म्हणजे केस वाढवून केलेला गोंगाट, असंच मी समजत होतो. कॅसेट आणली आणि ते मत मोडलं. गिटार होती, ड्रम होते, तसा तबलाही होता. आणि गाण्याला कसली घाई नव्हती. शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. शब्द एकही कळला नाही, पण दर्ग्यात जुम्मेरातीच्या संध्याकाळी जे वाटतं, तेच वाटलं.

त्यांचा १९९७चा ‘डेझर्ट रेन’ मला आवडतो, कारण तो मैफलीतच ध्वनिमुद्रित झालेला आहे. त्याचा खडबडीतपणा खरा वाटतो. २००३चा ‘झिनी’ मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. माझी मुलगी म्हणते, “अब्बा, तुम्हाला ओरखडेच आवडतात.” असेलही.

पण ‘कंदिसा’तलं ‘मा रेवा’ हे गाणं वेगळं. ते नर्मदाखोऱ्यातल्या लोकगीतावर आधारलेलं आहे. बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. मी ते लावलं, तेव्हा अम्मा तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, “कुठल्या नदीचं?” मी म्हटलं, “नर्मदेचं. तिथंही धरण होतंय.” ती म्हणाली, “मग आपल्या मुळेचं कुणी गायलं नाही का रे?”

आमच्याकडे १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तो १९२४पर्यंत चालला. तरी धरण झालं, गावं पाण्याखाली गेली आणि मुळेचं पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करू लागलं. मी अम्माला म्हणालो, “मी कविता लिहिलीय की धरणावर.” ती म्हणाली, “ती तू वाचतोस. गातंय कोण?”

मग तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि दोन ओव्या म्हटल्या. लग्नानंतर शेजारणींबरोबर दळताना शिकलेल्या, मराठीतल्या. टेपरेकॉर्डर समोरच होता. कॅसेट बदलून बटण दाबायचं, एवढंच काम होतं. मी म्हटलं, पुन्हा कधीतरी करू. ते ‘कधीतरी’ आलंच नाही. आज अम्मा नाही आणि त्या ओव्यांतला एक शब्दही मला नीट आठवत नाही.

‘इंडियन ओशन’चे असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९मध्ये वारले. पुढच्या वर्षी बँडनं ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम महिन्याला एक गाणं, अशा रीतीनं इंटरनेटवर फुकट दिला. नाव त्यांच्या सरावाच्या जुन्या घराचं. कंपनीच्या दारात न जाता आपलं गाणं आपणच लोकांपर्यंत पोचवायचं, याला मुलं ‘इंडी’ म्हणतात. त्यात असीमचा आवाज आहे. माणूस गेल्यावरही तो ऐकू येतो, कारण कुणीतरी वेळेवर बटण दाबलं होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी, मुळशीतसुद्धा, जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. अनेक बायकांच्या आवाजात ऐकताही येतात. त्या आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर मिळतात. परदेशी उच्चार घोटून इंग्रजीत गाणाऱ्या आमच्या पोरांनी त्या एकदा ऐकाव्यात. मुळशीचा अल्बम कुणी केला, तर पहिली प्रत मी घेईन आणि मत निर्भीडपणे सांगेन.

तोवर एक विनंती. तुमच्या घरात दळताना गायलेली कुणी आजी असेल, तर हे भाषण संपल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. गिटार मागाहून लावता येईल.