पाचटाचा धूर आणि मुलांचा दमा

(ऊस उत्पादक शेतकरी मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञ भगिनींनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



उसाच्या मेळाव्यात मुलांच्या डॉक्टरचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. लागण, खते, पाणी आणि खोडवा यांवर येथील शास्त्रज्ञ बोललेच आहेत. मी बोलणार आहे ती फडातून आणि चुलीतून निघणाऱ्या धुराबद्दल. हा धूर आपल्या डोळ्यांना झोंबतो आणि थोड्या वेळाने आपण तो विसरून जातो. ज्या घरात दम्याचे मूल आहे, त्या घराला मात्र तो विसरता येत नाही. त्या घरात रात्री दोन वाजता आई मुलाला पाठीशी उशी देऊन बसवते आणि बाप मोटारसायकलची किल्ली शोधू लागतो.

दमा म्हणजे काय?

आपल्या छातीतील श्वासनलिका झाडासारखी असते. एक खोड, त्याच्या फांद्या, फांद्यांच्या डहाळ्या आणि टोकाला हवेचे अगदी बारीक फुगे. दम्याच्या मुलात या डहाळ्यांच्या आतील अस्तराला थोडी सूज असतेच. ती एरवी जाणवत नाही. पण धूर, धूळ, थंड हवा किंवा सर्दीचे निमित्त झाले की तीन गोष्टी एकदम घडतात. अस्तर आणखी सुजते, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. आत घेतलेली हवा बाहेर टाकणे जड जाते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येतो. काही मुलांत हा आवाज ऐकू येत नाही. नुसता कोरडा खोकला येतो, तोही रात्री आणि पहाटे. घरची माणसे म्हणतात, "त्याची प्रकृतीच कफाची आहे." असा खोकला वारंवार येत असेल तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

दमा संसर्गाने होत नाही. तो काही प्रमाणात आनुवंशिक आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर बी अंगात असते; पण ते उगवते की नाही आणि किती फोफावते, हे भोवतालच्या हवेवर बरेच अवलंबून असते.

मुलांनाच जास्त त्रास का?

पाच वर्षांचे मूल मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेते, तर मोठा माणूस १२ ते १८. वजनाच्या मानाने मुलाच्या छातीत हवा जास्त जाते, म्हणून धूरही जास्त जातो. दुसरे कारण नळ्यांच्या आकाराचे. चार इंची पाइपात थोडा गाळ बसला तर पाणी अडत नाही; तेवढाच गाळ ठिबकच्या नळीत बसला तर ती बंद पडते. मुलांच्या श्वासनलिका अशाच अरुंद असतात. तिसरे म्हणजे त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. वाढीच्या वयात बसलेला मार पुढे पूर्ण भरून येतोच असे नाही.

धुरात काळा दिसणारा भाग थोडाच असतो. खरी हानी करतात ते न दिसणारे कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांना शास्त्रज्ञ पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते. हे कण मात्र थेट शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात. आपल्या देशात २००९ मध्ये ठरलेल्या मानकानुसार एक घनमीटर हवेत २४ तासांच्या सरासरीने हे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ वर आणली. चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हेच प्रमाण कित्येक शेकड्यांवर जाते.

हवा बदलली की काय होते?

"धूर तर पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याने काय होते?" असे कोणी विचारील. याचे उत्तर अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका खोऱ्याने दिले आहे. तेथील पोलाद कारखाना कामगारांच्या वादामुळे ऑगस्ट १९८६ पासून सुमारे वर्षभर बंद राहिला आणि नंतर पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप या संशोधकाने रुग्णालयांच्या नोंदी तपासून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारखाना सुरू असलेल्या हिवाळ्यात श्वासनलिकेचा दाह, दमा अशा विकारांनी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची संख्या, तो बंद असलेल्या हिवाळ्याच्या मानाने दुपटी-तिपटीने जास्त होती. खोरे तेच, थंडी तीच. मोठा फरक पडला तो हवेत.

दुसरे उदाहरण लंडनचे. वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. तिच्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते, असा निर्णय तेथील मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिला. त्या आईच्या हातात रस्त्यावरची वाहने थांबवणे नव्हते. आपल्याकडील बराचसा धूर मात्र आपण स्वतः आगकाडी लावून करतो. म्हणजे तो थांबवणेही आपल्याच हातात आहे.

फडातील धूर

ऊस तुटून गेला की संध्याकाळी फड पेटवायचा, अशी अनेक गावांत रीत आहे. वेळ संध्याकाळची आणि हंगाम थंडीचा. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. अशा वेळी धूर वर चढत नाही. तो गावावर चादरीसारखा पसरून सकाळपर्यंत राहतो. त्याच वेळी मुले घरात झोपलेली असतात. दम्याचा जोर मुळात रात्री आणि पहाटे वाढतो, त्यात हा धूर भर घालतो.

आणखी एका मुलाची आठवण ठेवा. ऊसतोड कामगारांची लेकरे फडाच्या कडेला कोपीत राहतात. धुराला अडवायला तेथे भिंतही नसते. रात्री त्रास वाढला तर त्यांच्या आईबापांना गावात कोणाचे दार ठोठवावे हेही ठाऊक नसते.

आता हिशेब पाहू. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.४ ते ०.५ टक्के नत्र आणि ०.९ ते १ टक्का पालाश असतो. म्हणजे दहा टन पाचटात ४० ते ५० किलो नत्र आणि ९० ते १०० किलो पालाश झाला, शिवाय सेंद्रिय कर्ब वेगळाच. काडी लावली की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. पालाश काही प्रमाणात राखेत उरतो, पण राख वाऱ्याने उडते. जे जमिनीत जायला हवे ते मुलांच्या छातीत जाते.

म्हणून पाचट जाळू नये. ते सरीत सारखे पसरावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत. एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. आच्छादनामुळे ओल टिकते आणि तणही कमी येते. मजूर मिळत नाहीत, ही आपली अडचण खरी आहे. ट्रॅक्टरवर चालणारे पाचट कुट्टी यंत्र एकट्याला परवडत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून किंवा गटामार्फत आणावे.

घरातील धूर

फडातील धूर काही दिवसांचा, चुलीचा रोज दोन वेळचा. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या ओल्या असल्या की धूर जास्त होतो. आईच्या कडेवरचे किंवा चुलीपुढे शेकत बसलेले मूल तो सगळा घेते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅस आला, पण सिलिंडर महाग म्हणून चूल सुटलेली नाही. चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र चालू शकते. त्यास रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि मळीचे खतही मिळते. हे शक्य नसेल तर चुलीला धुराडे काढावे, जळण वाळवूनच वापरावे, दम्याच्या मुलाला चुलीपासून दूर ठेवावे. चूल पेटवायला प्लास्टिक मुळीच वापरू नये.

डासांसाठी लावलेली कॉइल निरुपद्रवी वाटते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून जेवढे बारीक कण निघतात तेवढे निघायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असे आढळले. त्यापेक्षा मच्छरदाणी लावावी. घरात विडी-सिगारेट ओढू नये. मळणी, कडबा कुट्टी आणि फवारणी चालू असताना दम्याच्या मुलाला तेथे नेऊ नये. बांधावरचे गाजरगवत फुलोऱ्यापूर्वीच उपटावे, कारण त्याच्या परागांनीही त्रास होतो.

पंपाची भीती नको

"श्वासाच्या पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. शेताला पाटाने पाणी देणे आणि ठिबकने मुळाशी देणे यात जो फरक, तोच गोळी आणि पंप यांत आहे. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या वीस ते चाळीस पट कमी औषध असते. आणि ते हवे तेथेच पोचते. लहान मुलांना पंप स्पेसर लावून द्यावा. एक पंप झटक्याच्या वेळचा आणि दुसरा सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा असतो. बरे वाटले म्हणून दुसरा आपल्या मनाने बंद करू नये.

मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंप देऊनही आराम पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पंपाचे औषध देत देत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने, मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

बंधू-भगिनींनो, औषध आम्ही देऊ. पण औषध घेऊन मूल पुन्हा धुरातच परतले, तर ते औषध अर्धेच काम करते. पुढचा खोडवा ठेवताना आपल्या वाडीत दम्याचे मूल कोणाकडे आहे, हे विचारून घ्या. बहुतेक वाड्यांत एखादे तरी निघेल. त्याच्यासाठी यंदा आगकाडी खिशातच राहू द्या. पीकही आपल्याला दुवा देईल आणि लेकरूही.