अक्षरांची मोजदाद

‘गडचिरोली’ हें नांव वाचणारास पांच अक्षरांचें. जावास्क्रिप्टची साधी मोजणी मात्र आठ सांगते, कारण वेलांट्या व काना-मात्रा ती निराळ्या धरते. त्याच वनप्रदेशांत बोलल्या जाणाऱ्या गोंडीसाठीं मुनशी मंगलसिंह मसराम ह्यांनीं १९१८ सालीं रचलेली लिपि २०१७ सालीं युनिकोडांत आली. तिचें एकेक चिन्ह हीच मोजणी दोन धरते! मग दहांची मर्यादा घातलेल्या रकान्यांत गोंडी नांव पांच चिन्हांवरच तुटतें. ब्राउझरांतील ‘इंटल सेगमेंटर’ हें हत्यार मात्र वाचकाच्या दृष्टीनें अक्षरें मोजतें. संकेतस्थळ रचणारानें मर्यादा त्यानेंच ठरवावी. ओळी दोन-चारच लागतात. पण त्यांवांचून एखाद्या मुलीचें नांव अर्ध्यावरच राहतें.