दाव्याच्या आधीची वर्षे
(नांदेड येथे भरलेल्या मराठवाड्यातील डॉक्टरांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे; पण तो कार्यवाहांच्या अहवालात येऊन गेला आहे. मी एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे. सरकारी आरोग्य विम्याच्या ज्या नोंदी आपल्याकडे इतकी वर्षे साठत आल्या, त्यांतून मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, मूत्रपिंडाचे आजार यांच्या जोखमीबद्दल काही शिकता येईल का? माझे उत्तर असे, की येईल, पण आज आहेत तशा नोंदींतून फार थोडे. विम्याचा दावा दाखल होतो तेव्हा आजार शेवटच्या टप्प्यावर आलेला असतो. त्याच्या आधीची वर्षे आपल्या कागदांत कोरी आहेत. ती भरण्याचे काम मुंबई-दिल्लीच्या सर्व्हरवर होणार नाही. ते आपल्या केसपेपरवर आणि उपकेंद्रांत व्हायचे आहे.

हा विषय नांदेड-लातूरमध्ये मांडायला एक खास कारण आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली ती आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत मराठवाड्यातला एकच जिल्हा होता, नांदेड. उरलेल्या राज्यात, म्हणजे लातुरातही, ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून आली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि नंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. तारखांचा हा फरक संशोधकाच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. दोन शेजारी जिल्हे, सोयाबीन-तूर तीच, उन्हाळा तोच. आणि डायलिसिस, अँजिओप्लास्टीसारखे महागडे उपचार एकीकडे सोळा-सतरा महिने आधी मोफत झाले. त्या काळात अहमदपूरचा माणूस नांदेडच्या रुग्णालयात आला तरी शिधापत्रिका लातूरची, म्हणून तो योजनेबाहेर; आणि शेजारच्या लोह्याचा माणूस आत. योजनेने माणसे किती वाचली, उपचाराला किती लवकर आली, हे तपासायला अशी जोडी मुद्दाम शोधूनही सापडत नाही. पण त्या महिन्यांत लातूरच्या बाजूचे दावेच नाहीत. तुलना करायची तर तिथल्या रुग्णालयांची जुनी रजिस्टरे लागतील. ती रद्दीत जाण्याआधी कुणीतरी कपाटे उघडावीत, ही माझी पहिली विनंती.

आता दाव्याच्या फाइलमध्ये असते काय, ते पाहू. डायलिसिसच्या रुग्णाची एखादी फाइल घ्या. शिधापत्रिका, आधार, योजनेच्या आरोग्यमित्राने केलेली नोंदणी, पूर्वपरवानगी, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीत आक्रसलेली मूत्रपिंडे, रुग्णाचा फोटो, पॅकेजचा क्रमांक, रक्कम. पैसे देणाऱ्याला जे जे पाहायचे ते सगळे जागच्या जागी. आणि इतिहासाच्या रकान्यात आपल्याच हाताची एक ओळ: ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’, म्हणजे मधुमेह-रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण. मधुमेह किती वर्षांपासून? गोळी रोज घेत होता, की बरे वाटले म्हणून सोडली? तंबाखू? पाठ-गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या किती वर्षे घेतल्या? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या एका ओळीवर जगातले कोणतेही गणित चालवले, तरी जोखीम कळणार नाही.

विम्याच्या नोंदींतून जोखीम ओळखणे ज्यांना साधले, त्यांनी वेगळे काय केले? दक्षिण कोरियाने २००० मध्ये शेकडो विमा संस्था एकत्र करून एकच राष्ट्रीय संस्था उभी केली. तिथे सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी विमाधारकाची तपासणी होते: वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपानाची प्रश्नावली. म्हणजे माणूस धडधाकट असतानाच त्याची नोंद होते, आणि पुढे झटका आला, डायलिसिस लागले, मृत्यू आला, तर तेही त्याच धाग्यात ओवले जाते. सुमारे १० लाख लोकांच्या २००२ पासूनच्या नोंदी त्यांनी अभ्यासासाठी उपलब्ध केल्या. त्यांचे बळ संगणकात नाही, त्या निरोगी वयातल्या नोंदीत आहे.

तैवानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. तिथला राष्ट्रीय विमा १९९५ चा, आणि त्यात पारंपरिक चिनी औषधेही येतात. त्यामुळे कोणत्या रुग्णाला कोणते चूर्ण किती दिले, याची नोंद राहिली. २०१० मध्ये संशोधकांनी मूत्रमार्गाचा कर्करोग झालेले ४,५९४ लोक आणि तो न झालेले १,७४,७०१ लोक यांच्या जुन्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. अॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पती ज्यांच्या पोटात जास्त गेल्या, त्यांच्यात हा कर्करोग जास्त आढळला. औषध म्हणून घेतलेल्या वस्तूचा दोष विम्याच्या चिठ्ठ्यांनी दाखवून दिला. आपल्याकडे हाच प्रश्न वेदनाशामकांबद्दल, आणि कामाच्या स्वरूपाबद्दलही, विचारता येईल का? मध्य अमेरिकेत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये, मधुमेह नसताना, मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण मोठे आढळले आहे. आपल्या मुखेड-कंधारकडचा ऊसतोड मजूर उन्हात तेच काम करतो. त्याच्या मूत्रपिंडांचे काय होते? आपली योजना प्रामुख्याने भरती रुग्णांची. बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्या तिच्यात येत नाहीत, दुकानातल्या तर नाहीतच. हा प्रश्न विचारायचा तर उत्तराची सोय आधी करावी लागेल.

दावे वाचताना आणखी काही ठिकाणी पाणी मुरते, तीही सांगतो.

पहिली गोष्ट छेदाची. अमुक तालुक्यात इतके दावे आले, हा अंश झाला, पण कितीजणांपैकी? आधी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिका, मग नांदेड-लातूरसह चौदा जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी, आणि जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबे व पाच लाखांचे संरक्षण. पात्र लोकांची संख्याच वेळोवेळी बदलली. त्यातून हाताशी असलेली जनगणना २०११ ची: नांदेड ३३.६ लाख, लातूर २४.५ लाख. अशा वेळी २०२४ नंतर दावे वाढले म्हणून ‘जिल्ह्यात हृदयरोगाचा उद्रेक’ असा मथळा कुणी दिला, तर त्याला आपणच आवरले पाहिजे.

दुसरी गोष्ट पॅकेजची. ज्या उपचाराला पॅकेज आहे, तोच आजार नोंदीत दिसतो. नुसता रक्तदाब दिसत नाही, त्यातून आलेला पक्षाघात दिसतो. मधुमेह दिसत नाही, कापलेला पाय दिसतो.

तिसरी गोष्ट पत्त्याची. राज्यातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात, म्हणून फडावर गेलेल्या मजुराचा दावा सांगली-कोल्हापुरात नोंदला जातो. उलट, नांदेड शहरात हिंगोली-परभणीचे रुग्ण येतात. मोजणी रुग्णालयाच्या जिल्ह्याने केली तर शहरे आजारी दिसतात आणि तालुके ठणठणीत. आणि देगलूर-धर्माबादचा रुग्ण निजामाबादला किंवा हैदराबादला गेला, उदगीरचा बीदरला गेला आणि खिशातून पैसे भरून आला, तर तो आपल्या वहीत नाहीच. शासनाने २०२३ मध्ये कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी भाषकांना ही योजना लागू केली. सीमा ओलांडून उपचाराला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या नोंदींचाही आता विचार व्हावा.

चौथी गोष्ट नोंदींच्या खरेपणाची. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारत योजनेची तपासणी केली, तेव्हा सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आढळले, आणि त्या क्रमांकाचे दहाही आकडे नऊ होते. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून कुणीतरी बोट दाबून धरले, एवढेच. पण ज्याने तो रकाना भरला, त्याला ही माहिती पुढे कुणाच्या कामी येणार आहे हे कुणी सांगितलेच नव्हते. दोष त्याच्यापेक्षा आपल्याकडे जास्त जातो.

मित्रहो, हे सगळे ऐकून हात टेकायचे कारण नाही. नोंदी कशा ठेवाव्यात याचा धडा आपल्या शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परंडा आणि भूम हे मराठवाड्यातले तालुके तिच्यात होते. तिथले कार्यकर्ते रुग्ण येण्याची वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव जाऊन लक्षणे समजावत, रुग्ण शोधत राहिले. त्यामुळे त्यांच्याकडे अंशही होता आणि छेदही. त्याच पायावर पुढे धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जगभरच्या तपासणी-धोरणात त्या निष्कर्षाचा आधार घेतला गेला. तुलनेच्या गटातील स्त्रियांची मात्र अशी तपासणी झाली नव्हती, यावर पुढे टीकाही झाली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवू: मराठवाड्याच्या खेड्यांतून जगाला पुरावा मिळू शकतो, आणि तो मिळवताना समोरच्या बाईचे हित आधी पाहावे लागते.

म्हणून गोपनीयतेचा मुद्दा मी शेवटच्या ओळीवर ढकलणार नाही. नाव पुसले की झाले, असे आपण समजतो. जळकोटसारख्या लहान तालुक्यात वय, गाव आणि आजार एवढे तीन रकाने पुरतात; पारावर बसलेला कुणीही माणूस ओळखेल. मुलीचे लग्न मोडायला तेवढे बास. तैवानच्या घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले, की विम्याची माहिती संशोधनाला वापरताना नागरिकाला ‘माझी वगळा’ म्हणण्याचा हक्क आणि स्वतंत्र देखरेख यांची कायद्यात तरतूद हवी. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता येणार नाही अशी अटही आहे. ती अट आपण काटेकोर पाळली, तरच लोक खरे सांगतील. दारू-तंबाखूबद्दल गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, आशाताईला, खरे उत्तर मिळते ते कायद्यामुळे नव्हे, तिच्यावरच्या विश्वासामुळे.

आणि ही आशाताईच आपली कोरी वर्षे भरू शकते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जोखीम तक्ता ती भरते: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला रक्तदाब-मधुमेह आहे का. कोरियातल्या तपासणीचे गरिबाघरचे रूप म्हणा हवे तर, पण ते आपल्याकडे आहे. तिची टेप कमरेभोवती फिरते तेव्हा माणूस अजून रुग्ण झालेला नसतो. हा तक्ता एकीकडे, दावा दुसरीकडे आणि मृत्यूची नोंद तिसरीकडे, अशी आज फाटाफूट आहे. मृत्यूच्या नोंदीची कथा तर आणखी वेगळी: २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास मृत्यूंना वैद्यकीय कारणाचा दाखला होता. घरी गेलेला माणूस कशाने गेला, हे बहुतेक वेळा कुणी लिहीतच नाही.

तेव्हा माझे प्रस्ताव चार आहेत. पहिला, आपल्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर पाच गोष्टी न चुकता लिहू: मधुमेह-रक्तदाब कोणत्या वर्षी कळला, औषध नियमित होते का, तंबाखू, प्रत्यक्ष करत असलेले काम, आणि राहते गाव. शासन निर्णयाची वाट पाहण्याची यात गरज नाही. उद्याच्या राऊंडपासून सुरू करता येईल. दुसरा, मृत्यूच्या कारणाचा दाखला भरताना ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढ्यावर थांबू नये. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. त्यामागचे कारण लिहावे. तिसरा, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांनी मिळून राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे रीतसर मागणी करावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, लोकांच्या संमतीने आणि नैतिकता समितीच्या देखरेखीखाली, जोखीम तक्ता, दावा आणि मृत्यूची नोंद जोडून पाहावी. दहा गावांपासून सुरुवात झाली तरी चालेल, पण ती दहा वर्षे टिकली पाहिजे. चौथा, त्यातून जे निघेल ते आधी त्या गावच्या ग्रामसभेत, मराठीत, सांगावे; नियतकालिकात नंतर छापावे.

या दोन शहरांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले डॉक्टर व्हायला बाहेर पडतात. परीक्षेच्या तयारीत ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले. ती मुले पदवी घेऊन परत येतील, तेव्हा डायलिसिसच्या खाटा वाढवणे एवढेच काम त्यांच्यासाठी उरलेले नसावे. कोणत्या गावात, कोणत्या कामामुळे, कोणत्या वयात मूत्रपिंड खराब होऊ लागते हे त्यांना सांगता यावे आणि ते थांबवता यावे, यासाठी आज आपण लिहायला लागलो पाहिजे. परिषदेच्या खुल्या अधिवेशनात हे चारही प्रस्ताव मी अध्यक्ष म्हणून मांडत आहे. त्यांवर चर्चा व्हावी, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि ते मंजूर करावेत, अशी विनंती करून आपली रजा घेतो.